निळ्याचं विटकरी

नणंद : दार लाव आधी. हं, आता पुन्हा सांग. सावकाश.

वहिनी : सांगितलं ना एकदा. हाताने केलंय सगळं.

नणंद : सगळं म्हणजे किती?

वहिनी : बावीसच्या बावीस पुस्तिका. लिफ्ट बसवायची, वापरायची, दुरुस्तीची, सगळ्या. एकेक हेडिंग निवडायचं, ठळक करायचं, सोळाचा फॉन्ट, निळा रंग. की पुढचं.

नणंद : आणि साहेबांना काय सांगितलंस?

वहिनी : वर्डमधल्या स्टाइल लावल्यात म्हणून.

नणंद : वहिनी! अगं नोकरीला लागतानाच विचारलं होतं तुला, स्टाइल येतात का. माझ्यासमोर ‘हो’ म्हणालीस.

वहिनी : तू शेजारी बसली होतीस म्हणूनच म्हणाले. दहा वर्षं घरी बसलेल्या बाईला तू एवढं कौतुक करून आणलंस, आणि पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ म्हणू? वाटलं, महिनाभरात शिकून घेऊ. आणि शिकायला बसलेही होते गं. पहिल्याच आठवड्यात त्या ‘हेडिंग वन’वर क्लिक केलं, तर पुस्तिकेतले आकडे कुठल्या कुठे गेले. लाल इशारे काळे झाले. लिफ्टमध्ये अडकलात तर दार ओढू नका, हे वाक्य साध्या ओळीसारखं दिसायला लागलं! होतं तसं करून ठेवलं, परत त्या वाटेला गेले नाही.

नणंद : मला विचारायचंस.

वहिनी : तू तिकडे विक्री विभागात, दिवसभर फोनवर. आणि खरं सांगू? तुझ्यासमोर अडाणी ठरायचं नव्हतं मला.

नणंद : म्हणून आज साहेबांसमोर ठरणार! किती वाजले?

वहिनी : दहा वीस. पाहुणे, म्हणजे नव्या मालकांची माणसं, अकराला.

नणंद : नेमकं काय म्हणाले साहेब?

वहिनी : म्हणाले, आपली कंपनी घेतलेल्या नव्या मालकांच्या ब्रँडमध्ये निळा नाही, विटकरी आहे. मग म्हणाले, बरंच झालं, त्यांच्यासमोरच बदलून दाखवू. कुठली फाइल ते पाहुण्यांनाच सांगू दे. एका क्लिकमध्ये निळ्याचं विटकरी झालेलं बघितलं की कागदपत्रांचं काम ते बाहेरच्या एजन्सीकडे देणार नाहीत. हे सगळं हसत हसत सांगत होते. मी नुसती मान हलवत होते.

नणंद : आणि आज तुझे तीन महिने संपतात. कायम करायचं की नाही, ते आजच ठरणार.

वहिनी : ते कशाला आठवण करून देतेस?

नणंद : ऊठ त्या खुर्चीवरून.

(वहिनी उठली. तीन महिन्यांत त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं नव्हतं. उभं राहून हातांचं काय करायचं ते तिला कळेना, म्हणून तिने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.)

नणंद : हे बघ. स्टाइल म्हणजे काही जादूटोणा नाही. हेडिंगला एक नाव द्यायचं. त्या नावाला रंग सांगितला, की त्या नावाची सगळी हेडिंगं बदलतात. तुझ्या हेडिंगांना नावच नाही. नुसती रंगवून ठेवलीयेस.

वहिनी : दिसतात तर छान.

नणंद : दिसतात गं! तोच तर घोळ आहे. आता एका हेडिंगवर उभी राहते, आणि त्याला सांगते, अगदी असंच दिसणारं जे जे असेल ते सगळं निवड. जरा जरी फरक असेल, कुठे पंधराचा फॉन्ट, कुठे निळा थोडा फिका, तर ते सुटणार. बाविसांत असे शेकड्याने सुटतील, आणि आपण दोघी तोंडावर पडू. या पुस्तिकेत हेडिंगं किती?

वहिनी : एक्केचाळीस.

नणंद : पाठ आहे तुला?

वहिनी : मोजलीत. प्रत्येक वेळी मोजायचे.

नणंद : थांब... एक्केचाळीस. वहिनी, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस आली!

वहिनी : येणारच. फॉन्ट आणि रंग लिहिलेली चिठ्ठी समोर ठेवून केलंय. संपलं की वरपासून परत एकदा बघायचे.

नणंद : हे माणसाचं काम नाही. आता यांना ‘हेडिंग वन’ नाव दिलं. तुझ्या लाल इशाऱ्यांना ‘इशारा’ नाव दिलं. आता रंग बदलते. बघ.

वहिनी : अगं बाई. झाली सगळी विटकरी!

नणंद : परत निळी करून ठेवते. पुढची उघड. नाही, तूच कर. बस इथे. मी सांगते, तू कर.

वहिनी : आणि परत आकडे हलले तर?

नणंद : हलले तर मी आहे. क्लिक कर. सगळं निवड. नाव दे. आता इशारे. सेव्ह. पुढची.

वहिनी : ही झाली. हीही झाली. अगं, आकडे हलले नाहीत या वेळी.

नणंद : बोलू नकोस, दहा चाळीस झालेत.

वहिनी : चौदा झाल्या... सतरा... एकवीस. ही शेवटची. हे काय? नऊच आली?

नणंद : असायला हवीत किती?

वहिनी : अठ्ठावीस.

नणंद : सरक जरा. हे चौदाचं. हे सोळाचं, पण रंग भलताच. हे तर ठळकच नाही. वहिनी, ही तूच केलीस? बाकीच्या एकवीस पुस्तिकांत एक चूक नाही, आणि हिच्यात नऊ सोडून एक ओळ धड नाही.

वहिनी : मीच केली.

नणंद : ब्रेक तपासायची पुस्तिका. गेल्याच्या गेल्या महिन्यात अठरा तारखेला सेव्ह केलेली. काय झालं होतं अठराला?

वहिनी : काही नाही.

नणंद : वहिनी.

वहिनी : दुपारी तुझ्या दादाचा फोन आला. कारखान्याने तीस जणांना काढलं. त्यात तोही.

नणंद : दादाला? अगं, दोन महिने होत आले! परवा जेवायला आले तेव्हा म्हणाला, रजा आहे.

वहिनी : रोज डबा घेऊन निघतो. कुठे कुठे अर्ज देतो, कुठे बसतो, मी विचारत नाही. मला शपथ घातलीय, धाकटीला कळता कामा नये. लहानपणापासून तू त्याच्याकडे वर मान करून बघत आलीस ना, तेच त्याला सांभाळायचंय.

नणंद : मी मघाशी तुला काय काय बोलले.

वहिनी : खरंच बोललीस की. खोटं मी बोलले होते.

साहेब : आत येऊ? पाहुणे आलेत, पाच मिनिटं आधीच. झालं ना सगळं? कुठलीही फाइल उघडली तरी चालेल?

नणंद : हो साहेब, चालेल.

वहिनी : नाही चालणार.

साहेब : म्हणजे?

वहिनी : ब्रेकची पुस्तिका सोडून. ती अजून हातानेच केलेली आहे. आणि बाकीच्यासुद्धा, साहेब, आज सकाळपर्यंत तशाच होत्या. मला स्टाइल येत नव्हत्या. येतात म्हणून सांगितलं ते खोटं होतं. हिला काही माहीत नव्हतं. आत्ता अर्ध्या तासात हिने शिकवलं.

साहेब : तीन महिने तुम्ही बावीस पुस्तिका हाताने रंगवल्या?

वहिनी : हो.

साहेब : तुम्हाला कायम करायचं पत्र टेबलावर पडलंय माझ्या. सही केलेली नाही.

वहिनी : साहजिक आहे.

साहेब : पाहुण्यांशी बोलून झालं की मग बघू त्याचं. चला आत.

वहिनी : मी?

साहेब : मग कोण? मला कुठे येतं ते क्लिक. आणि ब्रेकची मागितली, तर हेच सांगा, ती राहिलीय म्हणून. चला, लवकर.

नणंद : जा वहिनी. त्या एकीचं मी बघते इथे.

वहिनी : तुझ्या दादाला काही बोलू नकोस हं. फोनही करू नकोस.

नणंद : नाही करत. संध्याकाळी नुसती येऊन बसेन त्याच्याजवळ.