जपानी डब्यातला रायटर

चुआंग : ...एवढंच करा लायशेठ. बायको आली की आमच्या कारखान्याचा डीव्हीडी रायटर तिच्यापुढे काढूच नका. जपानी दाखवा, कोरियन दाखवा. आमचा मागितला तर संपला म्हणा.

लाय : अहो चुआंगकाका, तुमच्या मागेच थप्पी लागलीय त्याची. संपला कसं म्हणू?

चुआंग : मग वाईट आहे म्हणा.

लाय : तुमचाच माल? अठरा वर्षं तिथे तपासनीस म्हणून काढलीत तुम्ही!

चुआंग : अठरा वर्षं काढली, आणि एप्रिलात त्यांनी मला काढलं. अख्खी लाइन उचलून मेनलँडला, चीनमध्ये नेली. हे तिला ठाऊक नाही. रोज साडेसातला घरातून निघतो, तिला वाटतं कामावरच जातो.

लाय : दोन महिने? आणि मग इथे कशाला आणलंत तिला?

चुआंग : मी आणलं? तीच म्हणतेय, कारखान्यातून सवलतीत रायटर आणा. आज विसरलो, उद्या दुकान बंद होतं, परवा साठा संपला... थापा संपल्या माझ्या. आज शनिवार, म्हणाली, चला, तैपेईच्या बाजारातूनच घेऊ. आमच्या डब्यावर आता ‘मेनलँडमध्ये तयार’ असं छापलेलं असतं. ते तिनं वाचलं की मेलोच.

लाय : डोळ्यांत भरेल असं छापलंय खरं.

चुआंग : आली बघा. हसा जरा.

युलान : इथे होय तुम्ही! पुलाखालचे सगळे गाळे पालथे घातले. मालक, ताओयुआनच्या कारखान्याचा रायटर काढा. आमच्या ह्यांच्या कारखान्याचा.

लाय : या काकू, बसा. मी म्हणतो, जपानी बघा ना एकदा. हा बघा, डबा नुसता हातात घेतला तरी कळतं.

युलान : डबा घेऊन काय करू, त्यात भात भरू? मुलगी कॅनडात असते. आमच्या माझूदेवीच्या मिरवणुकीचं चित्रण तबकडीवर घालून पाठवायचंय तिला. तिला सांगून ठेवलंय, बाबांनी तपासलेल्या रायटरवरच करणार म्हणून. जावई तिकडे आठ जणांना बोलावून बसलाय बघायला.

लाय : तेच म्हणतो मी. आठ जण बसायचे आणि देवी अर्ध्या रस्त्यात अडकायची.

युलान : का अडकेल?

लाय : आता काकांसमोर कसं बोलू... ताओयुआनच्या मालाची तक्रार आहे, काकू. ट्रे अडकतो.

युलान : अहो, ऐकलंत का? ट्रे अडकतो म्हणे तुमचा.

चुआंग : मालकांना बाजाराची माहिती असणार.

लाय : दहातले दोन तरी परत येतात.

चुआंग : दोन नसतील.

लाय : दोन म्हणजे कमीच सांगतोय. तबकड्याही वाया घालवतो. नव्वद टक्के झालं की मान टाकतो.

युलान : आणि तुम्ही गप्प! घरी भाताच्या कुकरची शिट्टी बिघडली तरी अर्धा तास व्याख्यान देता.

चुआंग : अगं, जपानी घेऊ ना. चांगला असतो म्हणतायत ते.

युलान : चौदाव्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना सांगून बसलेय मी, ह्यांच्या हाताखालून गेलेला माल कधी बिघडत नाही म्हणून. आता काय तोंड दाखवू?

लाय : काकू, खरं सांगू? तिकडे तपासायलाच कुणी नसतं बहुतेक. तपासनीस झोपा काढत असतील दुपारच्या.

चुआंग : झोपा?

लाय : काका, म्हणजे, आपलं ते...

चुआंग : झोपा काढत असतील? दिवसाला चारशे रायटर कानाशी धरलेत मी! ट्रे बाहेर येताना जरा घासला तरी बाजूला ठेवायचो. साहेब ओरडायचा, जाऊ दे, गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही. म्हटलं, मला येतं! आणि हा तुमचा जपानी? फोडा तो डबा. पाठीवर खालच्या कोपऱ्यात शिक्का असेल, सत्तेचाळीस. तो माझा. त्याच लाइनवर सकाळी आमचं नाव चिकटवायचे आणि दुपारी त्यांचं. चौदा एप्रिलला शेवटची पेटी भरली, लोक वरचे दिवे काढायला आले होते, तरी अंधारात ऐकून त्यातले सहा मी परत काढले! झोपा म्हणे!

(शेजारच्या गाळ्यात कुणीतरी प्रिंटर चालवून बघतंय.)

लाय : काकू, जपानीपण... तसा बराच आहे.

युलान : तुम्ही थांबा हो जरा. शेवटची पेटी म्हणालात?

चुआंग : हं.

युलान : चौदा एप्रिल. आज अठरा जून.

चुआंग : हं.

युलान : मग रोज साडेसातला निघून जाता कुठे?

चुआंग : कधी वाचनालयात. बहुतेक क्वानदेवाच्या देवळात. ओट्यावर छप्पर आहे, पाऊस लागत नाही. आमच्याच लाइनचे अजून तिघं असतात.

युलान : त्यांच्या बायकांनाही असंच फसवलंय?

चुआंग : त्यातला एक हो नावाचा आहे, त्याच्या बायकोला माहीत आहे. तिनेच त्याला देवळात पाठवलंय, घरात पायात पायात येतो म्हणून.

युलान : आणि मी रोज डब्यात चहातली अंडी दोन जास्त घालतेय! साहेबांना द्या, खूश होतील, बढती देतील म्हणून!

चुआंग : देतो ना साहेबांना. त्यालाही काढलं. ओट्यावरचा चौथा तोच आहे.

युलान : खूश झाला का?

चुआंग : रडला एकदा.

युलान : मला सांगायला काय झालं होतं?

चुआंग : लाज वाटली गं. तू गल्लीभर सांगत सुटतेस माझ्याबद्दल. म्हटलं, दुसरं काम मिळालं की मगच सांगू. सात ठिकाणी गेलो. पंचावन्न वय ऐकलं की चहा पाजतात आणि पाठवून देतात.

युलान : मला दोन महिने काही कळलं नाही, म्हणून मला किती लाज वाटतेय, ते विचारा आधी. रागही आलाय. तो घरी गेल्यावर. मालक, ताओयुआनचा काढा.

लाय : काकू, माझं चुकलं. काकांनीच सांगितलं होतं वाईट बोलायला. तुम्ही हा जपानीच घ्या, पडत्या भावात देतो. काका म्हणतात तसा शिक्का आहेच की ह्याच्या पाठीवर. सत्तेचाळीस.

युलान : पोटावर नाव दुसऱ्याचं आहे. मला कारखान्याचं नाव असलेला हवा, आणि हा शिक्का असलेला.

लाय : पण वरचा सगळा माल नवा आहे, मेनलँडचा. जुना असला तर अगदी तळाला, एखादा. अख्खी थप्पी उतरवायला लागेल, काकू. तास-दीड तास जाईल.

चुआंग : राहू दे युलान. कशाला त्रास त्यांना?

युलान : उतरवा सावकाश. आम्हाला घाई नाही. ह्यांना सोमवारीसुद्धा सुट्टी आहे.