बजेटचे नवे बूट

—नाही, तो नको. काढ तो पायातून. काळा कुळकुळीत, वर टोकाला चकाकी — अरे, असला बूट घालून माणूस लग्नाला जातो नाहीतर मयताला, आणि तुमचे मंत्रीसाहेब जाणार बजेट वाचायला. म्हणजे तसं बघितलं तर मयतच आहे कुणाकुणाचं, पण कॅमेऱ्यात तसं दिसायला नको ना! बस, नीट टेकून बस. काय नाव म्हणालास — ट्रेव्हर? बस, ट्रेव्हर. ओटावाहून एवढ्या लांब आलास आणि तेही असले कागदासारखे बूट घालून — बाहेर बर्फाचा नि चिखलाचा नुसता काला झालाय, रस्त्यावरचं मीठ बघ कसं पांढरं चढलंय चामड्यावर. राहू दे, पुसतो मी. पुसू दे रे, मला बघवत नाही. तर तुझा नि मंत्र्यांचा पाय एका मापाचा, म्हणून तुला पुढे पाठवलं. उद्या ते स्वतः येणार, टीव्हीवाले येणार, मी गुडघ्यावर बसून त्यांच्या पायात बूट चढवणार, आणि सगळा देश बघणार — बजेटच्या आधी अर्थमंत्र्याने नवे बूट घ्यायचे ही चाल यांनीही पाळली, आणि तीसुद्धा स्वतःच्या गावात, ड्युमॉन्टमध्ये, म्हाताऱ्या थिबोडोच्या दुकानात. छान आहे. माझी ना नाही. फोनवर लगेच हो म्हटलं की नाही मी? मग असा घाबरल्यासारखा आक्रसून काय बसलास? मी एकच तर विचारलं — आमची रेल्वे राहणार की जाणार? त्या बजेटात काय लिहिलंय तेवढं सांग. हो किंवा नाही, एक शब्द.

सांगता येत नाही म्हणे. शपथ घेतलीय. घेतली असशील बाबा, मी कुठे मोड म्हणतोय? दोन दिवसांनी सगळ्या जगाला कळणार, पण आज थिबोडोला कळलं तर देश बुडणार! बरं, राहिलं. मी आपला बूट दाखवतो. हा बघ, हा कसा वाटतो? जाड तळ आहे. तुमच्या पंतप्रधानांना नाही चालायचा. मी पुढाऱ्यांना बुटांवरून ओळखतो, ठाऊक आहे का तुला? तोंडावरून काय ओळखणार, तोंड तर रंगवून आणतात. आता तुमचा पंतप्रधान व्हिटकॉम — मऊ तळाचे बूट घालतो, आवाज न करणारे. आला कधी कळत नाही, गेला कधी कळत नाही. आणि 'कठीण निर्णय' म्हणायची वेळ आली की आवाज असा खाली आणतो, असा खाली, की वाटतं आता हा डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून घेणार. हसतोस काय? तुझ्या साहेबाचा साहेब आहे तो. हस हस, इथे कुणी नाहीये.

आणि तो विरोधी निळ्या पक्षाचा, क्रॅडॉक! तो घालतो कामगाराचे बूट, पुढे पोलाद असलेले. डोक्यावर हेल्मेट. पण तळ बघितलास कधी? मी बघितला, टीव्हीवर एकदा पाय वर करून बसला होता — कोरा! एक ओरखडा नाही. मोटारीतून मंचावर नि मंचावरून मोटारीत. म्हणतो, मी आलो की सरकार बारीक करतो, कर कापतो, तूट घालवतो, सगळं एकाच दमात. कापणार काय विचारलं की नुसता हसतो. माझा मेहुणा रेजां त्याच्यावर फिदा आहे — घरापुढच्या बर्फात निळी पाटी रोवून बसलाय, वाऱ्याने पडली की परत उभी करतो. मी म्हटलं, अरे रेजां, तू अर्धं वर्ष शेवंड पकडतोस आणि अर्धं वर्ष सरकारचा बेकारभत्ता खातोस, मग तो सरकार बारीक करणार म्हणजे कुणाची ढेरी उतरवणार? तर म्हणाला, माझी नाही, आळशी लोकांची! आता बोल. कपाळाला हात लावला मी.

नारिंगी पाटीवाली? तिसऱ्या पक्षाची ओडेट सिर्वा? बाई मनाची चांगली आहे हो. रबरी बूट घालते, खरा चिखल लागलेला असतो त्यांना, तेवढं मी मान्य करतो. दात फुकट, औषधं फुकट, पाळणाघर जवळजवळ फुकट. पैसे कुठून आणणार बाई? तर म्हणे श्रीमंतांकडून. आता आमच्या ड्युमॉन्टमध्ये श्रीमंत म्हणजे एक दंतवैद्य, आणि तो हिवाळाभर फ्लोरिडात. एकटा बिचारा किती जणांना पुरणार? — डावा पाय दे. डावा. तर मी मत कुणाला देतो म्हणशील? आमचं घर लाल, म्हणजे तुमच्याच पक्षाचं. बापाच्या बापापासून लाल. माझ्या वडिलांनी निळ्या बेकरीवाल्याचा पाव कधी घरात येऊ दिला नाही, आईला सांगायचे, त्याच्या पिठात खडे असतात. मीही लालच. मत देतो, घरी येतो आणि साबणाने हात धुतो. इर्मा म्हणायची, एवढी किळस वाटते तर देतोस कशाला? मी म्हणायचो, अगं, दिलं नाही तर शिव्या कुठल्या तोंडाने घालू?

इर्मा म्हणजे माझी बायको. असू दे. तुझ्या मंत्र्याबद्दल बोलत होतो मी. नव्हतो बोलत? मग आता बोलतो. डग्लस मेलान्सन! तुम्ही त्याला साहेब म्हणता, आम्ही डग्गी म्हणायचो. त्याच्या आयुष्यातले पहिले बूट मी चढवलेत, याच स्टुलावर, केवढं भोकाड पसरलं होतं! त्याची आई दर हिवाळ्याला यायची आणि दोन मापं मोठे बूट घ्यायची. मी सांगून सांगून थकलो, की बाई, पोर पडेल. ती म्हणायची, पुढच्या वर्षी बसतील रे लिओ. पोरगं वर्षभर पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून फताक फताक चालायचं, आणि पुढचं वर्ष उजाडेपर्यंत बूट फाटलेले. आता तेच पोरगं देशाला सांगतं, की तूट जरा मोठी दिसते खरी, पण काळजी करू नका, तीन-चार वर्षांत बरोबर बसेल! आईवर गेलंय हो, अगदी आईवर. माझा राग नाहीये त्याच्यावर. खरंच नाही. त्याची आई गेली तेव्हा शवपेटी उचलायला मी होतो. पण हे जे 'खर्चाचा आढावा' म्हणून चाललंय ना — आढावा म्हणजे काय ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. पोस्टाचा आढावा घेतलात, पोस्ट गेलं औषधाच्या दुकानातल्या कोपऱ्यात, खोकल्याच्या बाटल्यांशेजारी. हवामानवाल्यांच्या कचेरीचा घेतलात, आता वादळ आल्यावर कळतं वादळ आलं. आणि आता म्हणे कमी प्रवासी असलेल्या रेल्वेमार्गांचा आढावा. कमी प्रवासी! मी आहे ना प्रवासी. मी कमी आहे का?

हं. उभा राहा. चालून बघ. त्या दारापर्यंत. टाच उचलली जाते का? थोडी उचलली जाते. बस खाली, मी आतलं पातळ चामडं घालतो. — तू म्हणशील, म्हाताऱ्या, मोटार घे आणि जा की. मोटार आहे. गॅरेजात आहे. दर रविवारी मी तिच्यात जाऊन बसतो, इंजिन चालू करतो आणि बंद करतो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पत्र लिहिलं, लायसन्स गेलं. बरोबर केलं त्यांनी, मला मधलं काही दिसतच नाही, कडेकडेचं दिसतं. तुझा चेहरा मला दिसत नाहीये, ठाऊक आहे का? दोन कान दिसतात फक्त. पायाचं तसं नाही, पाय हाताला कळतो. बस होती, ती बंद पडली. रेजां नेतो कधीमधी, पण म्हणजे जाऊन-येऊन क्रॅडॉकचं भाषण ऐकायचं, आणि एकदा मे उजाडला की तो शेवंडांच्या मागे समुद्रावर, मग सापडत नाही. राहिली गाडी. आठवड्यातून तीनदा जाते हार्टलीला. तीनदा म्हणजे काय चैन आहे का?

हार्टलीला काय आहे? काय असणार. एक कागदाची गिरणी होती ती गेली, एक चर्च आहे, आणि एक नर्सिंग होम आहे, म्हाताऱ्या माणसांना कायमचं ठेवतात ते. तिथे इर्मा आहे. इथे जागा नव्हती ना. यादीत नाव घातलं होतं, पण इथे कुणी मेल्याशिवाय जागा होत नाही आणि आमच्या गावची माणसं चिवट. म्हणून हार्टली. मी तुला हे सांगणार नव्हतो. हे सांगून गाडी वाचवायची असती तर मी टीव्हीवर जाऊन रडलो नसतो का? मला ते आवडत नाही. मी बूट विकणारा माणूस, गिऱ्हाईक बसलं की तोंड चालू होतं, बस.

पण आता निघालंच आहे तर ऐक. ती ओळखत नाही मला. नावाने तर नाहीच, चेहऱ्यानेही नाही — फिट्टंफाट, मलाही तिचा चेहरा कुठे दिसतो! पण मी गेलो, तिच्यासमोर खाली बसलो, खोका उघडला, की ती काय करते ठाऊक आहे? पाय पुढे करते. आपणहून. तिला वाटतं मी बूटवाला. आहेच की मी बूटवाला, तिचं काय चुकलं? मी दर खेपेला इथून वेगळा जोड नेतो, चढवतो, आणि ती नाक मुरडते आणि म्हणते, जरा घट्टच वाटतात हो, दुसरे दाखवा. पहिल्या भेटीत हेच म्हणाली होती, या दुकानात, माझे वडील गल्ल्यावर होते. मी मुद्दाम सगळे खोके खाली काढले होते तिने लवकर जाऊ नये म्हणून. आता ती मुद्दाम करते की काय देव जाणे. तिथल्या नर्सबाया चांगल्या आहेत, पण त्यांनी मोजासुद्धा चढवायचा म्हटला तर ती लाथा झाडते. एकीचा चष्मा फोडला. माझ्यापुढे मात्र पाय करते. मध्ये दोन आठवडे बर्फाने गाडी बंद होती, त्यानंतर मी गेलो तर तिने पाय आखडून घेतले. बसून राहिलो खाली, गुडघे बधिर झाले. शेवटी केला पुढे. मला भीती वाटते ट्रेव्हर. दोन आठवड्यांत असं, तर दोन महिन्यांत काय? मग मी कोण? बूटवालासुद्धा नाही. कुणीच नाही. म्हणून विचारतोय रे बाबा. मला तुझं गुपित फोडायचं नाहीये, मला शेअरबाजारात काही करायचं नाहीये, मला फक्त — थांब, नाडी बांधतो — मला फक्त एवढंच कळू दे, की हार्टलीची गाडी उन्हाळ्यानंतर असेल ना?

पाय का ओढलास?

नाडी घट्ट झाली का? नाही ना. मी तर अजून गाठही मारली नव्हती. चिमटा बसला? नाही. मग असा विस्तवावर पडल्यासारखा का ओढलास? बोल की. मघाशी व्हिटकॉमवर हसत होतास, क्रॅडॉकवर हसत होतास, आता पाय का चोरतोस?

अच्छा.

नाही, नाही, नका बोलू. एक अक्षर बोलू नका, नोकरी जाईल तुमची. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, कुणी विचारलं तर मी बायबलवर हात ठेवून सांगेन. पाय द्या इकडे, बूट उतरवतो. तुम्ही नका उतरवू, टाच दुमडते तुमच्याकडून. झालं. चांगले बसले होते, खरं सांगायचं तर. अगदी मापात बसले होते. पण हे नाहीत विकायचे. साहेबांना सांगा, थिबोडोच्या दुकानात तुमच्या मापाचं काही उरलं नाही. हे शब्द तसेच्या तसे सांगा, घाबरू नका, तो मला ओळखतो. आणि उद्याचं काय म्हणता — उद्या गाडीचा दिवस. तुमच्या फोटोसाठी मी उद्याची गाडी सोडणार होतो, आहे ठाऊक? मनात म्हटलं, डग्गीचा पाय माझ्या हातात असेल, खालून वर बघत विचारीन, तोंडावर नाही म्हणणं जड जाईल पोराला. मूर्ख म्हातारा! त्यांनी आधीच लिहून ठेवलंय, छापून ठेवलंय, आणि वर माझ्याकडून बूट चढवून घेणार होते. तोंडाला पानं पुसायची ती पुसायची, वर माझ्याच दारात येऊन पुसायची! नाही साहेब, उद्या दुकान बंद. टीव्हीवाल्यांनी विचारलं म्हातारा कुठे आहे, तर सांगा गाडीने गेला. कशाला गेला म्हणून विचारलं, तर म्हणा तेही गुपित आहे.

हे घ्या तुमचे. ओलेच आहेत अजून, मी काय करू? उठा आता. मला जोड निवडायचाय उद्यासाठी, आणि उजेड जायच्या आत निवडायला लागतो. गाड्या किती उरल्यात ते तुम्हाला ठाऊक आहे, मला नाही, तेव्हा मी आता एकही सोडणार नाही. नाही, हात नका पुढे करू. जा. दार नीट ओढून घ्या, फटीतून वारा येतो.