एक पॉइंट आठ म्हंजे लाल

बसा की पावणं, त्या स्टुलावर बसा, त्याला ग्रीस लागल्यालं न्हाय. गाव म्हणाल तर पेठ वडगावच्या अलीकडं, एस्टी थांबती तितनं आत चालत जायचं, माळावरचं घर. बाप इचलकरंजीला मागावर कामाला, आठवड्याला पाळी बदलायची, त्यामुळं एक आठवडा बाप दिसायचा अन् एक आठवडा बाप झोपल्याला दिसायचा. शेत थोडकं, त्यात आईची मिरची. अन् त्या मिरचीपायी मी जेवढा मार खाल्लाय तेवढा शाळंत न्हाय खाल्ला, काय सांगू तुम्हाला. आई म्हणायची पिकल्याली तेवढी तोड, हिरवी ऱ्हाऊ दे, अन् मी पाटी भरून आणायचो, त्यात निम्मी हिरवीच. मग पाठीत धपाटा, अन् डोळं कुठं ठेवलंस रं, ध्यान कुठं हाय तुझं. मार खाऊन खाऊन मलाबी पटलं की आपण वेंधळं हाय.

पळायला मात्र मी भारी होतो. आमच्याकडं पोरगं जरा पळाय लागलं की भरती, दुसरा विषय न्हाय. मीबी गेलतो मिल्ट्रीच्या भरतीला. पळणं पास, उंची पास, छाती फुगवून पास, अन् शेवटाला डोळ्याच्या डॉक्टरनं एक पुस्तक उघडलं. म्हणाला आकडा वाच. म्हटलं कुठला आकडा साहेब, हितं नुसतं ठिपकं हाईत. पान उलटलं, तितंबी ठिपकं. आणिक एक पान, ठिपकंच. माणूस चांगला होता, पुस्तक मिटून म्हणाला बाळ, तुझ्या डोळ्याला लाल-हिरवं येगळं कळत न्हाय, जन्मापासनं हाय, ह्याला औषध न्हाय, घरी जा. बाहेर आलो अन् मला पहिलं काय आठवलं सांगू? नोकरी गेली ते न्हाय. मिरची आठवली. आयला, म्हंजे मी वेंधळा न्हवतोच की! घरी येऊन आईला सांगितलं. त्या दिवशी माझ्या भाकरीवर तूप तेवढं जास्त आलं.

मग कोल्हापूर. शाहूपुरीत एक रज्जाकचाचा म्हणून होते, गाड्यांच्या वायरिंगचं काम, त्येंच्याकडं लागलो. आता वायरिंगचं काम म्हंजे सगळा रंगाचा कारभार, ही लाल वायर, ती हिरवी, ती पिवळी. बाकीचे कारागीर वायर बघायचे अन् जोडायचे. मला काय दिसंना, मग मी टेस्ट लॅम्प घेऊन एकेका वायरीत करंट बघायचो, कुठनं येतंय, कुठं जातंय. येळ लागायचा, पण मी जोडल्याली गाडी परत यायची न्हाय. चाचांच्या ध्यानात आलंच की ते. एक दिवस म्हणाले, बेटा, तू करंट बघून काम करतोस, तेच कर, लई चांगलं हाय. फकस्त गिऱ्हाइकाला सांगू नको, गिऱ्हाईक बिचकतंय. ते मी धरून ठिवलं. चाचा गेले, मी हे माझं गॅरेज टाकलं, पण ते काय कुणाला सांगितलं न्हाय.

लग्नाआधी बायकोला मात्र सांगितलं. संगीता तिचं नाव. बघायला गेलतो तवाच म्हटलं, मला रंग कळत न्हाईत. ती म्हणाली, मग बरंच की, साड्या मी निवडीन, तुम्ही नावं ठेवणार न्हाई.

अन् मग आलं हे एलईडीचं याड. पूर्वी मोटरसायकलच्या मीटरमागं एक पिवळट बल्ब मिणमिणायचा, काटा दिसला तर दिसला. आता मीटर खोलायचं, जुना बल्ब काढायचा, ज्वारीच्या दाण्याएवढ्या एलईडी डायलच्या मागनं एकसारख्या बसवायच्या, प्रत्येकीला तिचा रेझिस्टन्स, उजेड कुठं जास्त न्हाय कुठं कमी न्हाय, चावी फिरवली की सगळं मीटर फुलल्यागत दिसतंय. नाद खुळा! इंडिकेटरला एलईडी लावली की ते येड्यागत भराभरा लुकलुकतंय, लोकास्नी वाटतं बिघडलं, तसलं निस्तरायला माझ्याकडंच येतात. फकस्त हेडलाईटला रंग मागू नका. पुढं पांढरा, मागं लाल, विषय संपला. अन् पांढऱ्याचाबी झोत त्या समोरच्या भिंतीवर धरून खाली बसवून देणार. समोरनं येणाऱ्याचं डोळं फोडायची लाईट पायजे असंल तर दुसरीकडं जावा, असं मी तोंडावर सांगतो, कितीबी वळखीचा असू दे.

तुम्ही म्हणाल रंग कळत न्हाय तर हे करतोस कसं? हा बघा मल्टिमीटर. एलईडीच्या दोन पायांना ह्येच्या दोन वायरी लावायच्या, आकडा येतो. एक पॉइंट आठ आला की लाल. दोनाच्या वर जरा गेला की पोपटी. अडीचाच्याबी पुढं गेला तर निळा न्हाय तर पांढरा, ते दोन तर माझं मला दिसतात. डॉक्टरच्या पुस्तकात आकडा दिसला न्हाय, ह्यात दिसतोय की!

आता कोल्हापूरचा फुटबॉल तुम्हाला ठाऊक हाय. पेठापेठांची टीम, अन् टीमच्या रंगासाठी माणूस काय करंल सांगता येत न्हाय. एका पेठेचा टी-शर्ट लाल, दुसरीचा पोपटी, अन् दोघांची गिऱ्हाइकं माझ्याचकडं, मीटरमधी आपापला रंग पायजे. संज्या म्हणून एक हाय, पोपटीवाला, आवाज असा की बोलाय लागला तर वाटतं भांडतोय. फायनलच्या दिवशी सकाळी आला, म्हणाला दुपारच्या आत मीटर पोपटी करून पायजे, आमची रॅली हाय. हितं गर्दी, सोल्डरिंगला येळ न्हवता. मग मी तयार बल्ब वापरले, दाबून बसवायचे. त्येंच्या आतच रेझिस्टन्स असतोय, माझा मल्टिमीटर तितं मुका. तसलं असलं तर मी घरी संगीताला दाखवून आणतो, पण त्या दिवशी पाकिटावर हिरवा लिहिल्यालं वाचलं अन् बसवून मोकळा झालो. आत कुणीतरी लाल भरल्यालं.

दुपारी संज्या पोरं घेऊन आला. धा-बारा गाड्या, झेंडे, हॉर्न. सगळ्यांदेखत चावी फिरवली अन् सगळे हॉर्न थांबले. मला तर काय मीटर झकास पेटल्यालं दिसतंय. मी म्हटलं, कसं? संज्या वरडला, कसं म्हणून इचारतोस? माझ्या गाडीत त्येंचा रंग? फायनलच्या दिवशी? मी म्हटलं हे बघ पाकिटावर काय लिव्हलंय. तर म्हणाला, पाकीट काय दाखवतोस, डोळं कुठं ठेवलंस रं?

माझं डोकंच सणकलं पावणं. आईचंच बोलणं की ते. मी पक्कड आपटली अन् म्हटलं, न्हाय दिसत! न्हाय दिसत मला लाल अन् हिरवं, जन्मापासनं न्हाय दिसत, काय करतोस? बोलून गेलो अन् मग ध्यानात आलं. चाचांनी एक गोष्ट सांगितल्याली, ती भर चौकात मोडली. पोरं एकमेकांची तोंडं बघाय लागली. संज्यानं मीटरवर रुमाल बांधला, किक मारली अन् जाता जाता म्हणाला, आंधळ्याकडनं रंग करून घेतोय व्हय आम्ही? उद्यापासनं तुझ्याकडं कोण येतंय बघतोच.

मी शटर निम्मं खाली ओढलं अन् बसलो. संगीता डबा घेऊन आली, तिला कुणीतरी वाटंतच सांगितल्यालं. म्हटलं झालं, संपला आपला धंदा. ती म्हणाली, आधी जेवा. मग दुसऱ्या पाकिटातनं खरे हिरवे बल्ब निवडून तिनं माझ्या म्होरं ठिवले अन् म्हणाली, आला तर बदलून द्या, न्हाय आला तर त्येचं नशीब. डबा उघडला, पण कान बाहेर. मैदानाकडनं मधनंच गलका उठायचा, तो कुणाचा ते कळायचं न्हाय.

सांजच्याला पुंगळी लावल्याल्या सायलेन्सरचा आवाज आला. संज्याच. अंगभर गुलाल, मागं तीच पोरं. मी गपचिप ते हिरवे बल्ब उचलले अन् गाडीकडं गेलो, तर त्येनं माझा हातच धरला. म्हणाला, हात लावायचा न्हाय मीटरला! म्हटलं का रं? तर म्हणाला, जिंकलो की लेका! त्येंचा रंग माझ्या रुमालाखाली कोंडून ठिवला म्हणून जिंकलो, अजून बाकीच्या स्पर्धा हाईत, आता हंगाम संपंस्तवर हे असंच. अन् मागची पोरं म्हणत्यात आमच्यातबी लाल बसव. मी हसू का रडू! मग संज्या जरा घुटमळला अन् हळू आवाजात, त्येच्या हळू आवाजात म्हणजे तिकडच्या टपरीपतोर ऐकू जाईल असा, म्हणाला, मग इतकी वर्षं आमचं बरोबर कसं बसवत होतास? मी मल्टिमीटर काढला अन् म्हटलं, डब्यातली कुठलीबी एलईडी दे. दिली. म्हटलं लाल. दुसरी दिली, म्हटलं पोपटी. एकबी चुकली न्हाय. पोरांनी तितंच दंगा घातला.

आता सगळ्या शाहूपुरीला ठाऊक हाय. मुद्दाम लांबनं येतात, म्हणतात ते आकड्यावर रंग सांगणारं गॅरेज हेच का. पाकिटावर मात्र मी पुन्हा इस्वास ठिवला न्हाय, तयार बल्ब असला की संगीता बघून देती.

फायनलच्या त्याच राती तिनं सुट्ट्या एलईडी माझ्या मुठीत ठिवल्या, म्हणाली आता आपल्याबी गाडीला लावा, अन् मल्टिमीटर लावायचा न्हाय. तशाच बसवल्या. पुढं आईला गावाकडनं आणाय गेलतो, ती मागं बसल्याली, खांद्यावरनं वाकून मीटर बघितलं अन् म्हणाली, सांगू का रं कुठला हाय? म्हटलं नको. मग तिनं माझ्या पाठीवरनं नुसता हात फिरवला, जितं धपाटा बसायचा तितंच.

ती बघा माझी गाडी, दारातच हाय. ही चावी घ्या, फिरवून बघा. पेटलं? चांगलं दिसतंय न्हवं? बास. कुठला हाय ते तेवढं सांगू नका.