सातव्या वचनाआधी

यानीरा : रुमाल काढा पाद्रिनो, बघू द्या. आणि तुम्ही माझ्या औषधाच्या दुकानात आल्या आल्या मी आशीर्वाद मागितला, तो धर्मपिता असून अजून दिला नाहीत.

सेनोन : आधी ती गुलाबी, जोरकस गोळी दे. तीनला चर्चमध्ये येशूची क्रुसावरची सात वचनं गायचीत, आणि ही दाढ डोक्यात खिळे ठोकतेय.

यानीरा : गुलाबी तुम्हाला चालत नाही. रुमालाला रक्त कसलं?

सेनोन : काल बहिणीकडे राजम्याची गोड खीर खाल्ली. तिथून उठली दाढ.

यानीरा : खिरीनं रक्त येत नाही. हिरडी पांढरी पडलीय. अ‍ॅस्पिरिन दाबून धरलीत ना?

सेनोन : आईनं शिकवलेलं. सकाळपासून दोन.

यानीरा : दाढ राहिली बाजूला, हिरडी भाजली. उरलेली पोटात गेली. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घेता तुम्ही. त्यावर ही, वर गुलाबी, मग रक्त थांबणार कसं?

सेनोन : हृदयाची झडप बदलली तेव्हा नवस बोललोय, पोरी. उठलो तर दर गुड फ्रायडेला गाईन. अकरा वर्षं चुकलं नाही.

यानीरा : त्याच झडपेसाठी ती गोळी आहे. नवस फेडायचा आणि जीव घालवायचा?

सेनोन : नको देऊस. कोपऱ्यावरचा वाणी सुट्या विकतो. काही विचारत नाही.

यानीरा : घेतल्यात? खिसा दाखवा.

(येशूच्या शोकात चर्चच्या घंटा कालपासून मुक्या, म्हणून बाहेर लोकांना बोलावणारा लाकडी खटखटा वाजतो.)

सेनोन : चार. एकही गिळली नाही. तुझ्या तोंडून हो ऐकायचं होतं.

यानीरा : बाप्तिस्म्याला तुम्ही मला हातांवर धरलंत. मी हो म्हणणार नाही. ही साधी पॅरासिटामॉल घ्या, गालाला बर्फ लावा. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना आत्ता फोन करते. रक्त थांबलं नाही तर गाणं नाही, थेट दवाखाना.

सेनोन : दुखणं जाईल?

यानीरा : अर्धंमुर्धं.

सेनोन : तेवढ्यात सात वचनं होत नाहीत.

यानीरा : सहा तुमचा जोडीदार फाउस्तो गाईल. नवसात आकडा बोलला होतात?

सेनोन : ...नाही. नुसतं ‘गाईन’ म्हणालो होतो. सातवं निभेल. ‘बापा, माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो.’

यानीरा : मग आधी त्या चार माझ्या हाती सोपवा.

सेनोन : घे.

यानीरा : आणि आशीर्वाद?

सेनोन : तो तू मागितलास तेव्हाच दिला होता, पोरी. दाढेखाली अडकला होता.