मांडीवर मात्र नाही

...नाही नाही, तुम्ही बसा, मला उठता येणार नाही, का ते सांगतो, पण आधी त्या डॉक्टरीणबाईंचं ऐका. मला प्रोस्टेटचा कॅन्सर. लवकर सापडला म्हणून बाई इतक्या खूश, जसा काही मी हुशारीनं शोधून आणला! "आजोबा, सुईनं आत बारीक बारीक बिया ठेवू, तांदळाएवढ्या. किरणं आतल्या आत काम करतील. लगेच घरी." आता मी शिंपी माणूस, जन्मभर सुया टोचल्या, पण कापडाला हो... आणि जागा तरी कुठली! म्हटलं, बाई, आधी कच्चे टाके घालून ट्रायल घेता का? मी ट्रायलशिवाय कुणाचा कोट पक्का शिवत नाही. तर म्हणाल्या, "नाही, एकदम पक्कंच."

झालं. बिया बसल्या. वर हातात गाळणी दिली, सुरुवातीला लघवी गाळायची म्हणे, एखादी बी बाहेर आली तर कळावं! ती गाळणी बायकोनं स्वयंपाकघरापासून इतकी लांब टांगली की धावत गाठावी लागे, आणि त्या दिवसांत, तुम्हाला सांगतो, मला सारखंच धावावं लागे. बाकी सगळी मोकळीक. "चाला, जेवा, कामाला लागा. नातीला मांडीवर मात्र नाही, दोन महिने, ही किरणं लहान पोरांना बरी नव्हेत."

मांडीवर मात्र नाही! अहो, चार वर्षांची पोर, माझ्या मांडीवर बसून, टेप गळ्यात घालून, गिऱ्हाइकांना "पोट आत ओढू नका" म्हणून दरडावणारी... कॅन्सर म्हटल्यावर रडलो नव्हतो, यावर रडलो. बसवेना, उभं राहवेना, नुसत्या येरझाऱ्या. बायको म्हणे, "अहो, टेका जरा, फरशी झिजली." टेकलो की पोर धावत यायची आणि मागून हिची आरोळी, "मांडीवर मात्र नाही!" मग पोर टेपचं एक टोक माझ्या गुडघ्याला लावायची, दुसरं धरून तिकडे बसायची. "आजोबा, बियांचं झाड कधी येणार?"

आज संपले दोन महिने. बाई म्हणाल्या, घ्या खुशाल. आंघोळ करून, इस्त्रीची पँट चढवून बसलो, मांडीवर थाप मारली, म्हटलं ये. पोर आली. टेपाएवढ्या अंतरावर थांबली. मला बघितलं, मांडीला बघितलं, आत गेली आणि आपली बाहुली आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"आजोबा, आधी ट्रायल."

आता माझंच वाक्य, बोलू कुणाला? तेव्हापासून बसलोय. दोन महिने एका जागी ठरलो नाही, आता हलायची चोरी... तेव्हा चहा तुम्हीच करून घ्या, गाळणी तेवढी बघून घ्या. मी उठत नाही. बाहुलीला काही झालं नाही, तर संध्याकाळी पोर स्वतः बसणार आहे.