आईची बाजू

माझ्या त्या कापडी चित्राच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजू आरशात बघितल्यासारख्या सारख्या आहेत, असं कौतुक करता ना? मग हे ऐकाच.

सृष्टीच्या आधी एक सोन्याचं अंडं होतं, ते फुटलं, अर्ध्याचं आकाश झालं नि अर्ध्याची पृथ्वी. ही कथा मला कापडात करायची होती. जवळच्या कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यांतून चिंध्या आणल्या, तांब्याची तार आणली. अंड्यासाठी मात्र जुनं, मऊ कापड हवं होतं. आमच्या कुळगावच्या बिल्डिंगमधल्या शकूमावशी म्हणाल्या, "जग कुणीतरी बनवलं वगैरे आम्ही बौद्ध लोक मानत नाही हां. पण माझी गोधडी घे."

गोधडीची डावीकडची बाजू सुबक होती, उजवीकडचे टाके पार वाकडेतिकडे. मला ते बघवेना. चार दिवस बसून ती बाजू उसवली आणि पहिलीसारखी सरळ शिवून काढली.

अंबरनाथच्या प्रदर्शनात मावशी आल्या. अंड्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या.

"आई आणि मी समोरासमोर बसून शिवलेली ही. तिला तेव्हा नीट दिसत नव्हतं." मग हळूच म्हणाल्या, "माझी बाजू ठेवलीस, आणि तिची उसवलीस होय गं?"

मी उगाच अंड्याभोवतीची तार सरळ करू लागले.

"बरं, तो उसवलेला दोरा तरी ठेवलायस ना?"

दोरा मी त्याच आठवड्यात कचऱ्याच्या गाडीत टाकला होता. "आहे ना मावशी, शोधून देते," म्हणाले.

तेव्हापासून जिन्यात भेटल्या की मावशी आपणहून म्हणतात, "सावकाश शोध गं, घाई नाही."