तिला न चालणारी गोळी

वैजयंती : हात हलवू नकोस, राजश्री! मांडीवर ही उशी घे, तिच्यावर ठेव. मनगट बघ कसं टम्म सुजलंय. आकाशनेच ना?

राजश्री : दरवाज्यात सापडला, काकू. मी तुमच्याकडे यायला निघाले, हात चौकटीवर होता. ह्यांनी बघितलं. बघितलं आणि मग दार लोटलं.

वैजयंती : आणि हे कानामागचं रक्त?

राजश्री : ते आधीचं. कुकरचं झाकण मारलं फेकून.

वैजयंती : अगं पण एवढं झालं कशावरून?

राजश्री : फोन उचलला नाही म्हणून. मी आंघोळीला गेले होते. हे फर्स्ट शिफ्ट करून आले ते ओरडतच आत शिरले, कोण होतं घरात, कोण होतं. माझे केस ओले होते, तेच धरले त्यांनी.

वैजयंती : थांब, आधी गोळी देते. माझी गुडघ्याची आहे, डायक्लोफिनॅक. अर्ध्या तासात ठणका कमी होईल.

राजश्री : नको! ती नको, काकू. मला दमा आहे.

वैजयंती : दमा छातीत, दुखतोय हात. त्याचा काय संबंध?

राजश्री : मागच्या वर्षी दाढ दुखत होती. ह्यांनी मेडिकलमधून गोळी आणली, त्यात आयबुप्रोफेन होतं. घेतली आणि थोड्या वेळात नाक गळायला लागलं, छाती आवळली. पंप मारते, मारते, पण श्वास आतच जाईना. आयसीयूत ठेवलं होतं मला. डॉक्टर म्हणाले, दमा असलेल्या प्रत्येकाला असं होत नाही, पण तुला झालंय. आता ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, त्या जातीचं काही तोंडात घालायचं नाही.

वैजयंती : बाई गं! मी तर भरवलीच असती. मग मलम लावू? स्प्रे आहे माझ्याकडे.

राजश्री : त्यातपण तेच असतं बहुतेक. बर्फ द्या. आणि साधी पॅरासिटामॉल असेल तर ती चालते मला, डॉक्टरनीच सांगितलीय.

वैजयंती : तापाची ना? ती आहे. घे, पाणी पी. एवढ्याशा गोळीने या हाताचं काय होणार, पण घे... तुझी छाती वाजतेय का गं?

राजश्री : रडलं की वाजते. पंप घरातच राहिला.

आकाश : काकू! राजश्री तुमच्याकडेच हाय ना? दरवाजा खोला.

वैजयंती : आतलं दार उघडते. सेफ्टी डोअर उघडणार नाही. काय बोलायचं ते जाळीतून बोला.

आकाश : अरे, एवढं काय? नवरा-बायकोत होतं कधी कधी. दरवाजा लागला तिला चुकून. मी लगेच मेडिकलला पळालो, हे बघा, गोळी आणली. द्या तिला. झोपेल, उठेल, एकदम ओके.

वैजयंती : हात मोडलाय तिचा. एक्स-रे काढायला लागेल.

आकाश : हॉस्पिटल नको! तिथे सतरा प्रश्न विचारतात, कसं झालं, कोनी केलं. केस झाली तर पोर्टातला माझा गेटपास कॅन्सल. मग काय घरी बसू? द्या गोळी तिला.

वैजयंती : द्या जाळीतून, बघू ती स्ट्रिप... अगं, यावर पॅरासिटामॉलच लिहिलंय. चालते ना तुला?

राजश्री : त्याच्या आधी काय लिहिलंय?

वैजयंती : आय... आयबुप्रोफेन. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. दोन्ही एकाच गोळीत?

राजश्री : हो. दाढेच्या वेळची. रंगसुद्धा तोच. अहो, ही तीच आहे ना?

आकाश : मला काय माहीत? मेडिकलवाल्याने दिली.

राजश्री : मेडिकलवाल्याला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. डॉक्टर तुमच्याशीच बोलत होते, मी तर मास्क लावून पडले होते. तुम्ही स्ट्रिपचा फोटो काढलात, परत चुकून आणायला नको म्हणून.

आकाश : फोटो-बिटो सोड. गोळी घे आधी.

राजश्री : बोला ना. विसरलात?

आकाश : तुझ्या आयला तुझ्या! एका गोळीने मरत नाय कोन! नाटकं साली!

वैजयंती : दाराला लाथा मारू नका!

आकाश : खोल! खोल, नायतर कडी-बिडी सगळं उखडून आत येईन. म्हातारे, तू मधी पडू नको, तुझंपन थोबाड फोडीन!

वैजयंती : फोडा. पोलिसांचा एकशे बारा लावलाय मी, फोन चालू आहे. तुम्ही काय काय फोडणार ते त्यांनाही ऐकू जातंय.

राजश्री : काकू... दम...

वैजयंती : तिचा पंप द्या आधी! ओठ बघा तिचे!

आकाश : पंप? हा काय, खिशात हाय. तिला म्हणावं बाहेर ये. देतो.

वैजयंती : माणूस आहेस का कोण आहेस?

आकाश : ये ना, राजू. हा घे. जाळीतून हात कर पुढे.

वैजयंती : जवळ जाऊ नकोस! राजश्री, मागे हो—

राजश्री : आई गं! सोड! मोडलेला आहे तो, सोड!

आकाश : आता कशी आलीस? दुसऱ्या हाताने कडी काढ. काढ, नायतर पिरगाळतो!

वैजयंती : सोड तिला. हा बत्ता दिसतोय ना? लोखंडी आहे.

आकाश : मारतेस, थेरडे? मार! हिंमत हाय तर मार!

वैजयंती : घे!

आकाश : आयो! बोटं... माझी बोटं तोडली साली!

वैजयंती : पंप आत पडलाय, राजश्री, तुझ्या पायाशी! उचल. हलव आधी. हं, ओढ. धर आत, धर... सोड. आता परत. माझ्याकडे बघ, त्याच्याकडे नको.

आकाश : रक्त येतंय माझं... काकू, फडका तरी द्या...

राजश्री : तुझी स्ट्रिप... जाळीतून बाहेर टाकलीय मी.

आकाश : काय?

राजश्री : घे त्यातली एक. तुला दमा नाही. तुला चालेल.

(पोलीस आकाशला खाली घेऊन गेले आहेत. राजश्रीचा हात ओढणीने गळ्यात बांधलाय. दोघी हॉस्पिटलच्या वाटेवर, रिक्षात.)

वैजयंती : अहो, जरा सावकाश घ्या, खड्डे चुकवा. फार दुखतंय का गं?

राजश्री : कंटेनरवाला बाजूने गेला की सगळा हात हादरतो.

वैजयंती : उभ्या जन्मात कुणावर हात उचलला नव्हता मी. बत्ता धुवायचा तसाच राहिला ओट्यावर.

राजश्री : काकू, विसरला असेल का तो? खरंच?

वैजयंती : तुला काय वाटतं?

राजश्री : मघापासून तेच चाललंय डोक्यात. पण विसरला असला काय नि नसला काय, श्वास माझाच बंद होणार होता.

वैजयंती : हॉस्पिटलात गेल्या गेल्या ठणक्याचं इंजेक्शन देतील गं ते.

राजश्री : म्हणून सुई काढायच्या आधीच सांगायचं. दमा आहे, आयबुप्रोफेनने एकदा आयसीयूत गेले होते, त्या जातीचं इंजेक्शनपण नको. मला दम लागला तर तुम्ही सांगा.

वैजयंती : सांगते. आणि हात कसा मोडला विचारलं तर?

राजश्री : दिवाळीत बरगडीला लागलं तेव्हा बाथरूममध्ये पडले म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरनी दोनदा विचारलं होतं. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं.

वैजयंती : आणि आज?

राजश्री : नवऱ्याने मोडला.

वैजयंती : काय म्हणालीस? रिक्षाच्या आवाजात ऐकू नाही आलं.

राजश्री : नवऱ्याने मोडला. थांबा, अजून एकदा म्हणून बघते.